व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क एनएफएसवर नेताना: माझा अनुभव

आमच्या विभागात केव्हीएमची (एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवण्याची लिनक्सची सोय) दोन यंत्रे आहेत. दोन्हींवर अल्मालिनक्स ९ ही लिनक्सची आवृत्ती आहे आणि दोन्हींवर मिळून ११ व्हर्च्युअल मशीन चालतात. पहिल्या यंत्राची स्वतःची डिस्क भरत आली होती. शिवाय त्याचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलायचा म्हटले की त्यावरची सहाही मशीन बंद करावी लागत आणि त्यासाठी सगळ्यांची मनधरणी करावी लागे. डिस्क इमेज (मशीनची अख्खी डिस्क ज्या फाइलीत असते ती) दोन्ही यंत्रांना दिसतील अशा सामाईक जागी असल्या, तर चालू मशीन न थांबवता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येते, म्हणून त्या एनएफएसवर, म्हणजे सर्व्हरवरची डिरेक्टरी नेटवर्कवरून वापरू देणाऱ्या पद्धतीवर, न्यायचे ठरले. काम एका शनिवारचे आहे, असे मी वरिष्ठांना सांगून बसलो होतो. प्रत्यक्षात २६ दिवस लागले.

हे दिवस संगणकाने घेतले नाहीत. आमच्याकडे स्टोरेजचा सर्व्हर वेगळ्या कक्षाच्या ताब्यात आहे, आणि त्यावरच्या एक्सपोर्टच्या फाइलीत (कोणती डिरेक्टरी कोणाला आणि कोणत्या मुभेने द्यायची ते सांगणाऱ्या) एक शब्द बदलायचा असला तरी तिकीट भरावे लागते. तिकिटातला ‘कामाचे कारण’ हा रकाना पुरेसा लांब भरला नाही, तर अर्ज पुढे सरकतच नाही. जो प्रयोग घरच्या दोन जुन्या संगणकांवर मी दहा मिनिटांत आटोपला असता, त्याच्या एकेका फेरीला इथे आठवडा लागत होता. त्यामुळे निदान चुकले की आठवडा गेला, असा हिशेब होता.

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘नेटएफएस’ प्रकारचा स्टोरेज पूल, म्हणजे नेटवर्कवरची डिस्क ठेवण्याची जागा, तयार करण्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. सर्व्हरचा पत्ता, एक्सपोर्टचा मार्ग आणि आपल्याकडची डिरेक्टरी एवढेच द्यायचे असते. ती डिरेक्टरी दोन्ही यंत्रांवर एकाच नावाने, एकाच जागी असावी, कारण मशीन हलवताना डिस्कचा मार्ग आहे तसाच पलीकडे जातो. पूल जोडला गेला, पण त्यात साधी रिकामी फाइलही लिहिता येईना. आमच्या नेटवर्कचा पत्ता आणि त्यापुढचा मुभांचा कंस यांच्यामध्ये कक्षाकडून एक रिकामी जागा पडली होती. एक्सपोर्टच्या फाइलीत त्या जागेमुळे अर्थ पार बदलतो: आम्हाला मिळाली फक्त वाचण्याची मुभा, आणि लिहिण्याची मुभा उरलेल्या सगळ्या जगाला! ती जागा काढायला एक तिकीट आणि चार दिवस लागले.

त्यानंतर मी एका मशीनची डिस्क रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून नव्या जागी उतरवली आणि मशीन सुरू केले. उत्तर आले, ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही. फाइलचा मालक पाहिला, तर तिथे ‘नोबडी’, म्हणजे कसलाही अधिकार नसलेला अनामिक वापरकर्ता. हे का होते, ते मला माहीत होते. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणले तेव्हापासून त्याच्या साध्या पद्धतीत सर्व्हर समोरच्या यंत्राने सांगितलेल्या वापरकर्त्याच्या क्रमांकावर विश्वास ठेवतो. आणि कोणीही आपल्या यंत्रावर रूट होऊ शकत असल्यामुळे, लिनक्सचा सर्व्हर मुळातच ‘रूट स्क्वॉश’ लावून रूटला नोबडी करून टाकतो. इकडे अल्मालिनक्सवर मशीन प्रत्यक्ष चालवणारा क्यूएमयू हा प्रोग्राम ‘क्यूएमयू’ याच नावाच्या, १०७ क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या अंगाने चालतो. लिबव्हर्ट मशीन सुरू करण्याआधी फाइलची मालकी १०७ला देऊ पाहतो, पण तो स्वतः रूट म्हणून गेलेला असल्यामुळे सर्व्हर त्याला दाद देत नाही.

एवढे समजत असूनही मी त्यातून सर्वांत वाईट निष्कर्ष काढला: रूट स्क्वॉशच काढून टाकावे. तसे तिकीट भरले. सहा दिवसांनी ‘सुरक्षा धोरणात बसत नाही’ असा शेरा मारून ते परत आले. तेव्हा मी फार चिडलो होतो. आज म्हणेन की त्या कक्षाने या सगळ्या प्रकरणात घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय होता. मग दुसरी मागणी केली, की येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरने १०७ समजावे, म्हणजे ‘ऑल स्क्वॉश’ लावून अनामिक वापरकर्त्याचा क्रमांक १०७ करावा. ही मान्य झाली, पण त्याला नऊ दिवस गेले. जुन्या फाइली नोबडीच्याच राहिल्या असल्यामुळे मी त्या पुसून पुन्हा उतरवल्या, मालक आता क्यूएमयू दिसत होता, आणि समाधानाने मशीन सुरू केले. ‘परमिशन डिनाइड’.

इथे माझा तोल गेला, हे कबूल केले पाहिजे. उत्तर अक्षरशः तेच असल्यामुळे कारणही तेच असणार, म्हणजे कक्षाने बदल केलाच नसणार किंवा अर्धवट केला असणार, असे मी धरून चाललो आणि तक्रारीचे तिकीट टाकले. चार दिवसांनी ‘बदल केलेला आहे’ एवढे लिहून ते बंद करण्यात आले. मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय शांतपणे विचारले, “सर, क्यूएमयू या वापरकर्त्याच्या नावाने ती फाइल तुम्हाला वाचता येते का, ते पाहिलेत का?” मी पाहिले नव्हते.

सुडो ही दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने काम करू देणारी आज्ञा वापरून क्यूएमयूच्या नावाने फाइल वाचली, वाचता आली. लिहून पाहिले, लिहिताही आले. म्हणजे सर्व्हरकडचे दार उघडेच होते. तोच वापरकर्ता, तीच फाइल, पण हाताने उघडते आणि मशीनला उघडत नाही, या फरकातच उत्तर होते. एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रक्रियेने कोणत्या फाइलीला हात लावायचा हे लेबलांवरून ठरवणारी लिनक्सची वेगळी पहारेकरी व्यवस्था, क्षणभर शिथिल केले आणि मशीन सुरू झाले. ऑडिटच्या लॉगमध्ये नकाराची नोंद स्वच्छ पडलेली होती: मशीनची प्रक्रिया ‘एसव्हर्ट’ या बंदिस्त गटातली, फाइलवर एनएफएसचे लेबल, आणि या गटाला एनएफएस वापरू देणारा ‘व्हर्ट यूज एनएफएस’ हा खटका आमच्या यंत्रावर बंद. फाइलचे लेबल बदलण्याचा खटाटोप मी आधीच्या आठवड्यात करून पाहिला होता. आमच्या माउंटवर (एनएफएसची डिरेक्टरी आपल्या यंत्राला जोडलेली असते त्या जागी) ते बदलताच येत नव्हते, आणि त्या एररनेही मला शहाणपण आले नव्हते. खटका कायमचा चालू केला, एसईलिनक्स पुन्हा कडक केले, आणि मशीन चालू राहिले. त्या रात्री घरी जाताना मी फारच खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी पहिले मशीन हलवायला घेतले, तर पलीकडच्या यंत्राने तेच दोन शब्द ऐकवले, कारण तिथला खटका मी चालू केलाच नव्हता.

कोणी या वाटेने जाणार असेल, तर मशीनच्या डिस्कचा कॅश ‘नन’ ठेवावा, म्हणजे यंत्राने तिचा मजकूर आपल्या मेमरीत साठवून ठेवू नये. नाहीतर एनएफएसवरचे चालू मशीन हलवणे असुरक्षित आहे असे सांगून लिबव्हर्ट अडवतो, आणि ते योग्यच आहे. माउंट ‘हार्ड’ असावा, म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबून राहणारा. ‘सॉफ्ट’ ठेवला की सर्व्हर थोडा वेळ गप्प झाला तरी लेखन अर्धवट सुटू शकते, आणि मशीनच्या डिस्कला ते मानवत नाही. शक्य असल्यास एनएफएसची ४.२ आवृत्ती घ्यावी. २०१६च्या त्या आवृत्तीमुळे मशीनमध्ये पुसलेली जागा सर्व्हरवरही मोकळी करता येते.

आणि सर्वांत आधी सांगायला हवे होते ते आता आठवले. डिस्क उतरवण्याची आज्ञा रूटऐवजी क्यूएमयूच्या नावाने दिली असती, तर फाइली पहिल्याच दिवशी १०७च्या मालकीच्या झाल्या असत्या आणि रूट स्क्वॉशला हात लावण्याची गरज पडली नसती. खटका तर माझ्याच यंत्रावर होता. म्हणजे रिकाम्या जागेचे तिकीट सोडले, तर बाकीची तिन्ही मी विनाकारण भरली होती. कक्षाच्या त्या गृहस्थांना मी हे फोन करून सांगितले. एक्सपोर्टमधला ऑल स्क्वॉश आता अनावश्यक आहे, पण तो काढायला तिकीट लागेल, म्हणून सध्या तसाच राहू दिला आहे.