सर्टिफिकेट फुकट झालं, मग आम्ही पैसे कशाचे घेतो?

कोल्हापुरात आमचं काम सुरू झालं ते वेबसाइट बनवून देण्यापासून. गिऱ्हाईक म्हणजे चपला, गूळ, मसाले विकणारे व्यापारी. एसएसएलचा, म्हणजे साइट आणि ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या सर्टिफिकेटचा, विषय काढला की "आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय?" हे ठरलेलं उत्तर. खर्चही दुहेरी असायचा. सर्टिफिकेटची वार्षिक फी भरायची, वर बऱ्याच होस्टिंगवर स्वतंत्र आयपीचं (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं) भाडं. एका आयपीवर अनेक सर्टिफिकेटं चालवायची सोय होती, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कळत नसे.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं सगळ्यांना खुली झाली. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ प्रत्येक साध्या एचटीटीपी (एन्क्रिप्शन नसलेल्या) साइटवर 'नॉट सिक्युअर' लिहू लागलं आणि तेव्हापासून गिऱ्हाईक आपणहून विचारू लागलं. सर्टिफिकेट विकून कमिशन मिळवायचा धंदा तिथंच संपला, आता आम्ही ते चालू ठेवायचे पैसे घेतो.

महागडं सर्टिफिकेट घेऊ का, हा प्रश्न अजून येतो. स्वस्त डीव्ही (फक्त डोमेनचा ताबा तपासून दिलेलं) आणि महाग ईव्ही (कंपनीही तपासून दिलेलं) यांत एन्क्रिप्शन सारखंच असतं. जास्तीचे पैसे कंपनीच्या कागदपत्रांच्या तपासणीचे. सप्टेंबर २०१९ च्या क्रोम ७७ पासून ते कंपनीचं नावही ॲड्रेस बारमध्ये दिसत नाही. एखाद्या टेंडरमध्ये अट असेल तर घ्या, नाहीतर नको.

सर्टिफिकेट मागवण्याआधी आम्ही डीएनएस, म्हणजे साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदी, बघतो. होस्टिंग बदलताना ए रेकॉर्ड (जुन्या आयपीव्ही-४ पत्त्याची नोंद) बदलतात, पण नव्या आयपीव्ही-६ पत्त्याचा 'एएएए' रेकॉर्ड जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत राहतो. डोमेन तुमच्याच ताब्यात आहे का, या पडताळणीला लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही-६ वरून येतं, त्यामुळे ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि पडताळणी मात्र नापास होते. दुसरी अडचण फायरवॉलची. 'फक्त भारतातूनच साइट उघडावी' असा नियम कुणीतरी लावून ठेवलेला असतो. पडताळणी जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी होते, ती तिथं अडते. पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचं दार, बंद केलं तरी तेच. कारण न शोधता पुन्हापुन्हा प्रयत्न केलात तर एका नावासाठी तासाला पाच नापास पडताळण्यांची मर्यादा आहे, मग थांबावंच लागतं. चाचणीसाठी त्यांचा वेगळा स्टेजिंग सर्व्हर आहे, तो वापरावा.

सर्वांत फसवी चूक इंटरमीडिएट सर्टिफिकेट, म्हणजे आपलं सर्टिफिकेट आणि ब्राउझरला ओळखीची मूळ संस्था यांना जोडणारा दुवा, न बसवण्याची. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला 'सर्ट'ऐवजी 'फुलचेन' नावाची फाइल द्यायची असते. चुकीची फाइल दिली तरी डेस्कटॉपवरचं क्रोम राहिलेला दुवा स्वतः आणून घेतं आणि सगळं ठीक दिसतं. पेमेंट गेटवेचा सर्व्हर बहुधा तसं करत नाही. ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात, गेटवेचा निरोप साइटपर्यंत पोहोचत नाही आणि ऑर्डर 'पेंडिंग' राहते. दुकानदार गेटवेवाल्यांशी भांडत बसतो.

साइट एचटीटीपीएसवर नेताना वर्डप्रेसच्या डेटाबेसमधले जुने एचटीटीपी दुवे थेट एसक्यूएलने बदलू नयेत. काही सेटिंगमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही साठवलेली असते. एक 's' वाढला की हिशेब चुकतो आणि विजेट रिकामे होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञांच्या साधनातलं सर्च-रिप्लेस ही लांबी सांभाळतं. एचएसटीएस, म्हणजे 'इतका काळ फक्त एचटीटीपीएसनेच ये' ही ब्राउझरला दिलेली सूचना, पहिल्या दिवशी ३०० सेकंदांचं ठेवतो, सगळं सुरळीत दिसलं की ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष. सबडोमेनही त्यात घ्यायची घाई नको. सबडोमेनवरचं बिलिंगचं जुनं मशीन साध्या एचटीटीपीवर असेल तर ते ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडायचंच बंद होतं.

नूतनीकरणात गंमत वेगळीच. सर्टबॉट हा सर्टिफिकेट आपोआप आणणारा प्रोग्राम ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले की बदलतो, पण एनजिनएक्सच्या मेमरीत जुनंच राहतं. डिप्लॉय हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञांमध्ये) रीलोडची आज्ञा नसेल तर डिस्कवर नवी फाइल आणि ग्राहकासमोर मुदत संपल्याची लाल पाटी, तीही नेमकी हापूसच्या हंगामात. म्हणून आम्ही डिस्कवरची तारीख बघतच नाही. बाहेरच्या मशीनवरून साइटला रोज जोडून, ती प्रत्यक्ष कोणतं सर्टिफिकेट दाखवते ते तपासतो. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे ही तपासणी ज्याची त्यानेच करायची.

विकतच्या सर्टिफिकेटांनाही आता हेच लागू आहे. १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून ४७. वर्षाचे पैसे एकदम भरले तरी फाइल वर्षातून दोनदा, पुढे त्याहून अधिक वेळा बदलावी लागणार. हाताने करणाऱ्यांनी आताच एसीएमईवर, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप मागवायच्या पद्धतीवर, यावं.

आमच्या दोन अटी आहेत. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर असलं पाहिजे. प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, सर्व्हरवरच तयार होते आणि तिथंच राहते. कुणी ती व्हॉट्सॲपवर पाठवली तर ते सर्टिफिकेट रद्द करून नवी की बनवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.