चौथं इंजेक्शन नको

जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, बीडकडचं एक ऊसतोड जोडपं सांगली जिल्ह्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकात आलं. दादांचा उजवा कोपर. दहा महिन्यांत तीन ठिकाणी तीन स्टिरॉइडची इंजेक्शनं झालेली. दर वेळी महिनाभर आराम, मग दुखणं पहिल्यापेक्षा जास्त.

कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवताच ते दचकले. मधलं बोट ताठ धरायला सांगून वरून दाबलं, तर तिथेच कळ. मुठीची ताकद, दुखेपर्यंतच मोजलेली: डावी ३८ किलो, उजवी ११.

"दीड महिना कोयता धरू नका," मी सवयीने बोलून गेले.

"उचल घेतलीय मॅडम," ताई म्हणाल्या. "खाडा झाला की दंड बसतोय."

दादांचा प्रश्न वेगळाच होता. "सूज न्हाई, जखम न्हाई. मग दुखतंय कशानं?"

अगदी नेमका प्रश्न. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याचं दोरीसारखं टोक, कोपराच्या बाहेर हाडाला धरलेली असते. दुखणं जुनं झालं की तिच्यात दाहाच्या पेशी जवळपास नसतातच. असतात ते विस्कटलेले कोलॅजनचे धागे. त्यांना म्हटलं, मोळीचा दोर पिंजावा तसं झालंय. इंजेक्शनने कळ दबते, दोर वळला जात नाही. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला: स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं, नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांपैकी १२ टक्क्यांचं. तरीही तिसरी सुई मारली जाते, याचा मला संताप येतो.

आणि माझा सल्ला तरी कुठे बरोबर होता? पूर्ण विश्रांतीत कंडरा आणखी कमकुवत होते. तिला भार हवा, पण मोजका.

"कोयता आणलाय?"

पिशवीतून निघाला. मूठ बारीक, वापरून गुळगुळीत. निसटू नये म्हणून ते दिवसभर ती आवळत होते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून आम्ही ती जाड केली. मोळी उचलताना तळवा वर ठेवायला सांगितलं. रात्री कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, पाण्याची लिटरची बाटली: मनगट गुडघ्याबाहेर, डाव्या हाताने वर न्यायचं, उजव्याने सावकाश खाली सोडायचं. दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ द्यायचं नाही.

तीन आठवड्यांनी उजवी मूठ १९ किलोवर आली. मग टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली. फोन लागत नाही.

त्यांच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: चौथं इंजेक्शन देऊ नये. पुढच्या गावात कोपर दुखला, तर तो कागद डॉक्टरपुढे ठेवायचं त्यांना सुचेल का, हेच सारखं मनात येतं.