योद्ध्याने नुसतं ‘मी मारतो’ का म्हणायचं?

कोथरूडला रविवारी आमचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ बसतो; टेबलाभोवती बसून प्रत्येकाने योद्धा, जादूगार असं एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. नवीन आलेला माणूस दोन-तीन खेपांनी हमखास विचारतो, “जादूगाराकडे पानंच्या पानं मंत्र, आणि माझ्या योद्ध्याने दर वेळी ‘मी मारतो’ एवढंच? तुम्ही त्याच्यासाठी डाव कसे रचता?” तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॅमेज, म्हणजे घावाने होणारं नुकसान, वाढवून दिलं म्हणजे डाव झाला, असं मी मानत नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत अवजड शस्त्रांसाठी एक फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं खास कसब, आहे: नेमाच्या फाशातून पाच वजा करायचे, घाव लागलाच तर डॅमेज दहाने जास्त. ऐकायला झकास. आता हिशेब मांडा. वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त हवे असतील तर घाव लागण्याची शक्यता ५० टक्के; डॅमेज सरासरी १० धरलं तर पदरात ५. फीट वापरली की १६ हवेत, शक्यता २५ टक्के, डॅमेज २०, पदरात पुन्हा ५. किती हवेत ते शत्रूच्या चिलखतावर ठरतं; ते याहून हलकं असेल तर फायदा, भारी असेल तर तोटा. आमच्यातली निम्मी मंडळी हिंजवडीत नोकरीला; त्यांनी याची एक्सेल शीट कधीच करून ठेवली आहे. मग टेबलावर ठरवायला उरलं काय?

२००८च्या चौथ्या आवृत्तीने योद्ध्यालाही जादूगारासारखीच यादी दिली: काही डाव केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. त्यामुळे दोघांचं पारडं बरंच सारखं झालं, हे मान्य. पण मंत्र संपला हे पटतं. सकाळी मारलेला घाव संध्याकाळी का मारता येत नाही, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. म्हणून मी डावाची किंमत दिवसातून वसूल करत नाही, अंगातून आणि जागेतून करतो. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, तसं.

खेळाडूंना मी शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय बघून यायला सांगतो. (जुनी शस्त्रं बघायला, ते अडकित्त्यांपाशीच रमतात.) दांडपट्टा घ्या. मूठ आणि मनगट लोखंडी आवरणात, त्यामुळे माझ्या नियमांत तो हातातून पाडता येत नाही, आणि गराडा पडला तर फाशाच्या एका फेकीत भोवतालच्या सगळ्यांवर वार. पण त्या हाताने दार उघडणं नाही, औषधाची कुपी नाही, दोर धरणं नाही. काढायचा तर एक अख्खी पाळी जाते. अरुंद भुयारात तर तो फिरतच नाही. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकला की पुढच्या पाळीपर्यंत दोरी ताणलेली, आणि शत्रूने ती धरली तर सोडून द्यायची की ओढत जायचं? इथे एक्सेल शीट चालत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते खिंड अडवण्याने. १६६० साली बाजीप्रभूंचं काम माणसं मारण्याचं नव्हतं, महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत शत्रूला थोपवण्याचं होतं. पाचव्या आवृत्तीत मात्र एका फेरीत एकच रिअॅक्शन, म्हणजे आपली पाळी नसताना करायची कृती, मिळते. पहिला घुसणारा अडवाल, दुसरा खुशाल बाजूने निघून जाईल. त्या नियमांत पावनखिंड पहिल्याच फेरीत फुटते!

माझा नियम असा: जागेवरून हलला नाहीत तर येईल त्याला अडवा, संख्येला मर्यादा नाही. मात्र दर अडवणुकीला तुमचं संरक्षण, म्हणजे तुम्हाला घाव घालायला शत्रूला फाशावर लागणारा आकडा, एकाने उतरतं, आणि ते लढाई संपेपर्यंत भरून येत नाही. सातवा शत्रू येतो तेव्हा चिलखत असून नसल्यासारखं होतं. एक पाऊल मागे घेतलं की डाव मोडला, वाट मोकळी. मागे कधी सरायचं, याचा नियम मी लिहिलेला नाही. टेबलावर दर वेळी वाद होतो तो त्याच्यावरूनच.