चार भजी आणि एक सही

बुधवार, रात्र

आज शिवाजीनगर कोर्टापाशी नोटरीकडे जाऊन सही न करताच परत आले. लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद तयार होता, दोन्ही साक्षीदार आले होते. दोघींना उगाच खेटा पडला.

अडचण कायद्याची नव्हती. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने असं इच्छापत्र मान्य केलं, तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. बरं होण्याची आशा नसेल आणि मला ठरवता येत नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, हे मीच लिहिलंय. पण पेनाचं टोपण काढलं आणि आई आठवली.

आईने जन्मभर चातुर्मास पाळला. कांदेनवमीला पोटभर भजी झाली की विळीसुद्धा घासून ठेवायची, चार महिने घरात कांदा नाही. शेवटी शेवटी तिचं विसरणं फार वाढलं. एकदा श्रावणात शेजारून भज्यांचा वास आला, तर म्हणाली, "मला दे ना गं थोडी." मी म्हटलं, "आई, तुझा चातुर्मास आहे." ती नुसती बघत राहिली. मला वाटत होतं, मी तिचाच शब्द पाळतेय.

दुसऱ्या दिवशी वहिनीने कुणाला न विचारता चार भजी तळून तिच्यापुढे ठेवली. आईने एक उचललं, बाहेर आलेली कांद्याची कुरकुरीत टोकं आधी मोडून खाल्ली, मग मधलं मऊ. मी वहिनीशी दोन दिवस बोलले नाही.

डेरेक पार्फिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या पुस्तकात एका रशियन तरुणाचं उदाहरण दिलंय. पुढे वारशाने येणारी जमीन त्याला शेतकऱ्यांना देऊन टाकायची आहे, पण वय झाल्यावर आपलं मन फिरेल ही भीती. म्हणून तो आत्ताच कागद करतो. तो रद्द करायचा तर बायकोची संमती लागेल. आणि तिला बजावतो, उद्या मी माघार घेतली तर तो मी नव्हेच असं समज. आईच्या बाबतीत मी त्या बायकोसारखी वागले.

पार्फिटच्या मते 'तोच माणूस' आहे का, यापेक्षा आठवणी, इच्छा, स्वभाव यांचे धागे किती टिकलेत ते महत्त्वाचं. त्या हिशेबाने आई थोडीच उरली होती. पण टोकं आधी खायची सवय? कांदेनवमीला ती कायम अशीच खायची. आणि धागा एकही उरला नसता, तरी समोर बसून मागणारी तीच होती. जिने व्रत धरलं ती आता कुठेच नव्हती.

म्हणून कागदात एक ओळ वाढवतेय. मी शब्दाने, हाताने, नुसत्या नजरेने जरी काही मागितलं, तर ते द्यावं. मी आज काय लिहिलंय ते बघू नये. व्हेंटिलेटरचं आहे तसंच राहू दे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचं नाव कागदात घालावं लागतं. तिथे दादाचं होतं. रात्री फोन केला, "वहिनी, तुमचं घालू का?" त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घाल. शुक्रवारी मी पण येते बरोबर."