आमच्या वर्गात एचव्हीडीसी कसं सुरू झालं

तिसऱ्या वर्षी इलेक्टिव्हचा (आपण निवडायच्या विषयाचा) फॉर्म सुटला की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला: "स्कोअरिंग कुठलाय?" दुसरा: "शिकवणार कोण?" विषयात नेमकं आहे काय, हा प्रश्न तिसऱ्या नंबरला, आणि तोवर निम्म्या पोरांचे फॉर्म भरूनही झालेले असतात. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पहिले दोन प्रश्न रास्तच आहेत. मीही ते विचारले होते. फक्त ते तिसऱ्या प्रश्नाच्या नंतर विचारले.

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं स्वायत्त कॉलेज, शाखा इलेक्ट्रिकल. पाचव्या सेमिस्टरच्या शेवटी सहाव्यासाठीची बास्केट, म्हणजे निवडीच्या विषयांची यादी, आली, तिच्यात चार विषय होते: इलेक्ट्रिक व्हेइकल, पीएलसी आणि स्काडा (कारखान्यातली यंत्रं चालवणारी कंट्रोल प्रणाली), एनर्जी ऑडिट, एचव्हीडीसी (उच्च दाबाची वीज डीसी करून नेणं) आणि फॅक्ट्स (एसी लाइनवरची वीज इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी सांभाळणं). ईआरपीवर (कॉलेजच्या ऑनलाइन पोर्टलवर) चारही विषय पसंतीक्रमाने भरायचे, वाटप सीजीपीएप्रमाणे. एका विषयाला जास्तीत जास्त ७० मुलं. आणि २० पेक्षा कमी नावं आली तर विषय रद्द, त्यातली मुलं पुढच्या पसंतीत ढकलली जाणार. कॅप राउंडचा (सरकारी प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म भरलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की कॅपमध्ये सीट आधीच असते आणि आपण तिच्यामागे धावतो. इथे सीट असेल की नाही, हेच बाकीच्यांच्या फॉर्मवर ठरतं.

विभागाच्या ऑफिसातून मी चारही विषयांचा अभ्यासक्रम आणि लायब्ररीतून जुने पेपर काढले. नावावरून काही कळत नाही, युनिटवरून कळतं. पीएलसीचा लॅडर डायग्राम मी डिप्लोमात काढून बसले होते. टायमर, काउंटर, इंटरलॉक, कन्व्हेयरचं ते ठरलेलं प्रॅक्टिकल. सहापैकी चार युनिट मला परत तेच शिकवणार होती. बारावीनंतर आलेल्या मुलांसाठी मात्र तो विषय खरंच कामाचा होता आणि माझ्या रूममेटला मी तोच घ्यायला सांगितलं. एनर्जी ऑडिट वाचून कळण्यासारखं आहे. शिवाय ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची ऑडिटरची परीक्षा द्यायची तर ती पुढे नोकरीचा अनुभव घेऊनच द्यावी लागते, त्यासाठी तिसऱ्या वर्षात घाई कशाला?

इलेक्ट्रिक व्हेइकलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गर्दी तिथेच असते. नाव चलतीचं आहे. पण युनिटं उघडून बघितली तर बीएलडीसी आणि पीएमएसएम या मोटर मशीन्सच्या विषयात येऊन गेलेली, कन्व्हर्टर पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये झालेले. नवीन काय, तर गाडीवर येणारे रोध (टायरचा, हवेचा, चढाचा) आणि बॅटरीचा भाग: स्टेट ऑफ चार्ज (किती चार्ज उरला) कसा मोजतात, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) काय करतं. हा भाग चांगला आहे, नाही असं नाही. पण आमच्याकडे त्याला लॅब नव्हती, कापून उघडी ठेवलेली एक हब मोटर होती. पुण्यात ईव्हीच्या कामाला लागलेल्या एका सीनियर दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "आम्हाला मुलाखतीला एम्बेडेड सी आणि कॅन बस विचारतात गं. इलेक्टिव्हचं नाव कुणी बघत नाही." एम्बेडेड सी म्हणजे चिपसाठीचं प्रोग्रॅमिंग, कॅन बस म्हणजे गाडीतल्या सर्किटांची आपसातली जोडणी. एम्बेडेड सी आमच्या त्या विषयात कुठेच नव्हतं.

राहिलं एचव्हीडीसी. मी पाटण तालुक्यातली. कोयनेचे १९६० मेगावॉट आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. वीज तयार कशी होते ते लहानपणापासून कानावर पडलेलं, पण पुढे ती जाते कशी हे डिप्लोमातही कुणी नीट सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात चंद्रपूर-पडघे लाइनचं उदाहरण होतं: अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट, ७५२ किलोमीटर. विदर्भातल्या कोळशाची वीज डीसी करून मुंबईच्या दाराशी आणायची आणि तिथे पुन्हा एसी करायची. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजून घ्यायचं होतं.

पण विषय आवडला म्हणून निवडला, असं अर्धंच खरं. माझा हिशोब वेगळा होता. जे घरी बसून, मोबाइलवर लेक्चर लावून जमण्यासारखं आहे, त्यासाठी कॉलेजचे तास आणि कॉलेजची फी कशाला घालवायची? पायथन मी तसं शिकत होतेच. बारा पल्स कन्व्हर्टर (एसीचं डीसी करणारं, थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचं सर्किट) तसा जमेना. मी प्रयत्न केला होता. ओव्हरलॅपमध्ये एका थायरिस्टरचा करंट संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो, त्या वेळात दोन फेज जणू शॉर्ट असतात आणि व्होल्टेज त्या दोघींच्या मधून चालतं. हे वाचून डोक्यात बसत नाही. कुणीतरी फळ्यावर सहा रंगांचे खडू घेऊन वेव्हफॉर्म काढावा, आपण वहीत चुकीचा काढावा आणि त्यांनी तो खोडावा, तेव्हा ते कळतं. असे खोडणारे सर आमच्या विभागात होते.

मी त्यांच्या केबिनला गेले. सर हसले. "अगं, तीन वर्षं झाली, हा विषय नुसता यादीत आहे. वीस पोरं आण, मी शिकवतो. नाहीतर मला परत पहिल्या वर्षाच्या बेसिकला टाकतील."

वर्गाच्या ग्रुपवर पोल टाकला तर पाच-सहा हात वर आले, त्यातला एक चुकून. मग जे सुरू झालं त्याला प्रचार हाच शब्द बरोबर.

गेट या परीक्षेची तयारी करणारी मंडळी सगळ्यांत सोपी. गेटच्या इलेक्ट्रिकलच्या अभ्यासक्रमात एसी आणि डीसी ट्रान्समिशनच्या संकल्पना, सिरीज आणि शंट कॉम्पेन्सेशन असं स्पष्ट लिहिलेलं आहे, ईव्ही कुठेच नाही. ते पान छापून दाखवलं. तरी खरं ते खरं सांगितलं, की गेटला कन्व्हर्टरची एवढी खोली लागत नाही, पण पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची उजळणी फुकटात होते. पॉवरग्रिड ही वीज वाहून नेणारी सरकारी कंपनी गेटच्या मार्कांवर भरती करते, हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती.

दुसरा गट सीजीपीए सात-साडेसातच्या खालचा. त्यांना मी आकडेच मांडून दाखवले. ईव्हीला ७० जागा, पोलमध्ये शंभराच्या आसपास नावं. वाटप वरून खाली. तुझं नाव तिथे लागणार नाही, मग दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीत जे उरेल ते पदरी पडेल. त्यापेक्षा पहिली पसंतीच ठरवून भर. यावर एकाने अगदी वाजवी प्रश्न विचारला: "पण पास होईन ना?" लायब्ररीत मिळालेला सरांच्या वेळचा जुना पेपर दाखवला. त्यात ठरावीक साच्याची गणितं होती: फायरिंग अँगल, ओव्हरलॅप धरून डीसी व्होल्टेज काढा, पॉवर फॅक्टर काढा, कन्व्हर्टरला किती रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारेत येत-जात राहणारी) लागेल ते काढा. सूत्रं दोन, गणितं दहा. त्याला पटलं.

तरीही वीस होईनात. शेवटचे चार-पाच आले ते एसटीमुळे. इस्लामपूर, पलूसकडून पासवर येणारी मुलं. टाइमटेबल बघणाऱ्या मॅडमना विचारून घेतलं होतं, की ईव्हीचा तास मोठ्या हॉलमध्येच बसवावा लागणार आणि तो हॉल फक्त दुपारी चारनंतर मोकळा. एचव्हीडीसी वीस-बावीस जणांचा, कुठल्याही खोलीत मावतो, म्हणजे सकाळी. साडेचारची गाडी मिळते म्हटल्यावर फॅक्ट्स म्हणजे काय हेही न विचारता त्यांनी फॉर्म भरले. त्यातल्याच एकाने पुढे मॅटलॅबमध्ये बारा पल्सचं मॉडेल सगळ्यांच्या आधी चालवून दाखवलं, ते वेगळं.

यादी लागली, विषय चालू झाला.

सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर देशाचा नकाशा काढला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ची गोष्ट सांगितली, लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली ती. पहिल्या दिवशी उत्तर, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य. दक्षिणेत मात्र दिवे चालू. का? कारण तेव्हा दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी एसीने जोडलेलीच नव्हती, मध्ये डीसी होती. डीसीच्या दोन बाजूंना फ्रिक्वेन्सी वेगवेगळी असली तरी चालते, त्यामुळे एका बाजूची गडबड जशीच्या तशी पलीकडे जात नाही. आपल्या चंद्रपूरलाच १००० मेगावॉटचं बॅक-टू-बॅक स्टेशन त्यासाठी उभारलं होतं. तिथे लांबच्या लांब तार नाही, एकाच आवारात एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी. मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. सोलापूरच्या पोराने बाक वाजवला.

पुढचे आठ आठवडे मात्र गोष्टी कमी आणि वेव्हफॉर्म जास्त. एसीच्या बाजूला अकरावा आणि तेरावा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतली नको असलेली लहर) का उरतो, पाचवा आणि सातवा कुठे जातो, हे स्टार-स्टार आणि स्टार-डेल्टा ट्रान्सफॉर्मरच्या तीस अंशांच्या फरकातून निघतं. ते स्वतःच्या हाताने काढलं तेव्हा दुसऱ्या वर्षी पाठ केलेल्या व्हेक्टर ग्रुपचा उपयोग पहिल्यांदा कळला. थायरिस्टरचा कन्व्हर्टर खऱ्या पॉवरच्या पन्नास-साठ टक्के रिॲक्टिव्ह पॉवर मागतो, म्हणून स्टेशनात फिल्टर आणि कपॅसिटरच एवढी जागा अडवतात. आयजीबीटी स्विच वापरणाऱ्या व्हीएससी प्रकारच्या कन्व्हर्टरला तेवढं लागत नाही, म्हणून जागेची मारामार असलेल्या मुंबईसाठी कुडूस-आरे प्रकल्पात तो निवडला, इथवर आम्ही सेमिस्टरच्या शेवटी पोचलो. फॅक्ट्सचा भाग घाईत उरकला. त्यातली एसव्हीसी आणि स्टॅटकॉम ही उपकरणं झाली, टीसीएससी नुसतं वाचायला सांगितलं.

ओपन इलेक्टिव्हबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायचा असतो, सगळे डिझास्टर मॅनेजमेंट घेतात, मीही घेतला. मायनर डिग्रीसाठी (दुसऱ्या विषयातल्या जोड-पदवीसाठी) १८ ते २० क्रेडिट जास्तीची करावी लागतात आणि आमच्याकडे ते तास शनिवारी होते. शनिवारी मला गावी जायचं असायचं.

सातव्या सेमला हिशोब तोच लावला, उत्तर वेगळं आलं. बास्केटमध्ये मशीन लर्निंग, पॉवर क्वालिटी आणि हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग. हाय व्होल्टेजची लॅब आमच्याकडे खरीखुरी होती: जाळीच्या पिंजऱ्यातला टेस्टिंग ट्रान्सफॉर्मर, स्फिअर गॅप, तेलाचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते ते बघणारा) टेस्ट सेट. २.५ मिलिमीटरच्या गॅपमध्ये तेल भरायचं, व्होल्टेज चढवत न्यायचं, ठिणगी पडली की आकडा लिहायचा. असे सहा आकडे आणि त्यांची सरासरी. हे यूट्यूबवर बघून होत नाही. मशीन लर्निंग मी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सवर) केलं, क्रेडिट ट्रान्सफरसाठी.

एनपीटीईएल सोपं आहे असं समजून बरेच जण नाव घालतात, म्हणून तिथली रीत सांगते. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारा असाइनमेंट, त्यातल्या सर्वांत चांगल्या आठ धरतात, त्याचे २५ गुण. सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा ७५ ची. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. एकूण ४० झाले पण परीक्षेत २८ पडले, तर प्रमाणपत्र नाही. कोर्स शिकायला फुकट, परीक्षेची फी मी भरली तेव्हा १००० रुपये होती. खरी अडचण असते ती कॉलेजच्या बाजूने. बोर्ड ऑफ स्टडीजने (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीने) त्या सेमिस्टरसाठी मंजूर केलेल्या यादीत तुमचा कोर्स, त्याच नावाने आणि तेवढ्याच आठवड्यांचा, असावा लागतो. आणि एनपीटीईएलचा निकाल कॉलेजच्या वेळापत्रकाला बांधलेला नसल्यामुळे मार्कशीट मागे राहू शकते. माझी राहिली होती, प्लेसमेंटच्या फॉर्मला ती सेमिस्टर 'प्रतीक्षेत' म्हणून टाकावी लागली.

आता मी ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. मुलाखतीत डीसीबद्दल एकच प्रश्न आला, लांब अंतराला डीसी स्वस्त का पडते, आणि बाकी सगळं तेलाबद्दल होतं. म्हणून ज्युनियर विचारतात की नोकरीला एचव्हीडीसीचा उपयोग झाला का, तेव्हा मी सरळ सांगते, नोकरीला हाय व्होल्टेजचा झाला. एचव्हीडीसीमुळे पॉवर सिस्टिमची भीती गेली, आणि माझ्या दृष्टीने तो सौदा महाग नव्हता.

यंदा ते सर पीएच.डी.च्या रजेवर आहेत, त्यामुळे विषय यादीत असूनही चालणार नाही असं ऐकते. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी जुलैच्या एनपीटीईएल यादीत तो आहे का ते बघा, आणि फी भरायच्या आधी विभागाचं मंजुरीचं पत्र सही-शिक्क्यासह हातात घ्या. सीआरने (वर्गप्रतिनिधीने) ग्रुपवर "चालेल म्हणाले मॅडम" असं टाकलं, तर ते मंजुरी म्हणून धरू नका.