वहीतले ४८ तास: घरातल्या सुतारकामाचा वर्षाचा हिशेब

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मी वहीच्या पहिल्या पानावर सात कामे लिहिली होती आणि वर्ष संपताना त्यांतली तीन पुरी झाली, दोन अर्धवट राहिली आणि दोनांना हातही लागला नाही. सासूबाईंचे स्टूल, पुस्तकांची मांडणी आणि खणाचे छोटे टेबल ही पुरी झालेली कामे. मुलीचे अभ्यासाचे मेज आणि आरशाची चौकट अर्ध्यावर आहेत. मुलीची रंगांची पेटी आणि माझे स्वतःचे कामाचे मेज ही दोन कामे कागदावरच राहिली. दरवर्षी अशा वेळी 'वेळच मिळत नाही' असे म्हणून मी नवी यादी करत असे. या वेळी मात्र वहीत प्रत्येक संध्याकाळची सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपून ठेवली होती, त्यामुळे ती सबब मला या वर्षी वापरता आली नाही.

वर्षभरात मी एकूण ४१ संध्याकाळी काम केले आणि प्रत्येक बैठक सरासरी ७० मिनिटांची झाली, म्हणजे सुमारे ४८ तास हाताशी होते. आमच्या घरात कामासाठी वेगळी खोली नाही. जेवणाच्या टेबलावर जाड चादर घालायची, पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून काढायची, टेबल हलू नये म्हणून ते भिंतीला टेकवायचे, क्लॅम्प (लाकूड दाबून धरणारे शिकंजे) लावायचे आणि काम झाले की भुसा झाडून सगळे पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, यात दर वेळी साधारण २५ मिनिटे जातात. ४१ बैठकांचे मिळून हे १७ तास होतात. म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक वेळ मी लाकडाला हात न लावता घालवला. याहून वाईट म्हणजे ज्या दिवशी फक्त अर्धा तास मोकळा होता, त्या दिवशी मी पेटी उघडलीच नाही, आणि असे दिवस वहीत येतच नाहीत. जे काम यादीत पहिले असायला हवे होते ते, म्हणजे कामाचे मेज, मी सातव्या क्रमांकावर लिहिले होते, हे आता पाहताना थोडे हसू येते.

तरीही पुऱ्या झालेल्या तीन कामांनी पुष्कळ शिकवले आणि त्यांतल्या चुका मी येथे सविस्तर लिहिते, कारण यशाची छायाचित्रे आपण हौशी सुतार सगळेच दाखवतो.

स्टूल सासूबाईंसाठी होते. त्यांना जिना चढून आल्यावर दाराशी बसून चपला काढायच्या असतात आणि मी आधी आखलेली ३० सेंटिमीटरची उंची ऐकताच त्यांनी 'मग मला उठवायला तूच ये' असे सांगितले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसण्यापेक्षा उठणे अवघड जाते हे माझ्या लक्षात यायला हवे होते. उंची ४५ सेंटिमीटर केली. चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या, म्हणजे खाच आणि कुसू असे आठ सांधे झाले; यात एका लाकडात कोरलेल्या खाचेत दुसऱ्याचे बारीक केलेले टोक, म्हणजे कुसू, बसते. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एकतृतीयांश ठेवतात. माझी पट्टी २४ मिलिमीटरची होती आणि हाताशी ८ मिलिमीटरची पटाशी (लाकूड कोरायचे हत्यार) होती, त्यामुळे खाच पटाशीच्या रुंदीएवढीच कोरली आणि कुसू तिच्या मापाने कापले. आधी खाच कोरायची आणि मग कुसू तिच्यात बसवायचे, हा क्रम उलटा केला तर त्रास होतो, कारण कुसू रंध्याने किंवा पटाशीने किंचित बारीक करता येते, पण मोठी झालेली खाच लहान करता येत नाही.

सांधे कोरडे जोडून पाहिले तेव्हा सगळे नेमके बसले आणि त्या आनंदात मी आठही सांध्यांना एकाच वेळी गोंद लावला. पांढरा गोंद काही मिनिटांतच धरू लागतो. सहावा सांधा बसवेपर्यंत पहिला हलेनासा झाला होता आणि नवरा एका हाताने पाय धरून दुसऱ्या हाताने क्लॅम्प शोधत होता. चौकट काटकोनात असेल तर तिचे दोन्ही कर्ण सारखे भरतात, पण दुसऱ्या दिवशी ते मोजले तर त्यांत ६ मिलिमीटरचा फरक निघाला. स्टूल चारही पायांवर टेकावे म्हणून एका पायाचा तळ घासावा लागला. ते आज दाराशी उभे आहे, मजबूत आहे आणि बारकाईने पाहणाऱ्यालाच तिरके दिसते. यापुढे दोन पायांची एक बाजू एका दिवशी, दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी आणि मधल्या पट्ट्या तिसऱ्या दिवशी, असेच चिकटवायचे ठरवले आहे. एका वेळी जास्तीत जास्त चारच सांधे हाताळायचे असले की कर्ण मोजून क्लॅम्प किंचित तिरका करण्याइतका अवधी उरतो.

पुस्तकांच्या मांडणीची कथा वेगळी आहे. ९० सेंटिमीटर लांबीच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या फळ्या मी दोन्ही टोकांना आधार देऊन बसवल्या आणि चार महिन्यांत मधली फळी डोळ्यांना जाणवेल इतकी वाकली. पुस्तके उतरवून वजन केले तर त्या एका फळीवर २४ किलो भार होता. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. दर फुटाला भार तेवढाच असेल, तर लांबी निम्मी केल्यावर वाक सोळावा हिस्सा उरतो. शिवाय सतत भाराखाली राहिलेले लाकूड काळ जाईल तसे आणखी वाकत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी सरळ दिसणाऱ्या फळीवर विश्वास ठेवू नये. नवीन जाड फळ्या आणण्याऐवजी मी प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला १८ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर उंच अशी भरीव लाकडाची पट्टी उभी चिकटवली. माझी फळी २५ सेंटिमीटर रुंद आहे. नुसत्या मापांचा हिशेब केला तर ती एकटी पट्टी पूर्ण फळीच्या सुमारे ८० टक्के कडकपणा आणते आणि गोंदाने एकजीव झाल्यावर त्याहून अधिक. वाकलेली फळी उलटी करून पट्टी लावली, तेव्हापासून ती सरळ आहे. प्लायवूडची उघडी कड झाकली गेली, हा फायदा न मागता मिळाला.

खणाचे टेबल मला सर्वांत जास्त आवडते आणि त्यानेच मला सर्वांत जास्त चिडवले. कोरड्या दिवसांत पाइनच्या भरीव फळीपासून खणाचे तोंड केले, फळीची रुंदी (म्हणजे तोंडाची उंची) १८० मिलिमीटर, आणि वरखाली मिळून एका मिलिमीटरची फट ठेवली. खण इतका मुलायम सरकायचा की मुलगी उगाच उघडझाप करत बसायची. दमट हवा सुरू झाली आणि एके दिवशी तो उघडेना. लाकूड ओलावा घेते तेव्हा तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याची वाढ जवळजवळ नगण्य असते, पण आडव्या दिशेने ते फुगते आणि वाढवलयांना (खोडातल्या दरवर्षीच्या वर्तुळांना) स्पर्शरेषेच्या दिशेने ही फुगवट सर्वांत जास्त असते, त्यांना काटकोनात असलेल्या त्रिज्येच्या दिशेने साधारण तिच्या निम्मी. माझी फळी दोन मिलिमीटरने रुंद झाली होती. रागाच्या भरात मी लगेच रंधा फिरवून खण सैल केला आणि हवा पुन्हा कोरडी झाल्यावर वरच्या बाजूला तीन मिलिमीटरची फट दिसू लागली. खण कोणत्या ऋतूत बसवत आहोत हे लक्षात घेऊनच फट ठरवावी, असे मी आता वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे. कोरड्या दिवसांत जास्त फट आणि दमट दिवसांत अगदी कमी, असे धोरण ठेवले की खण बारा महिने चालतो.

धार लावण्याबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर आपल्यातला प्रत्येक जण स्वतःचे मत बाळगून असतो. पटाशीची मूळ उतरण २५ अंशांची आणि टोकाची बारीक उतरण ३० अंशांची, १०००, ४००० आणि ८००० क्रमांकाचे (क्रमांक मोठा तसा दगड बारीक) धार लावायचे दगड आणि शेवटी चामड्याची पट्टी एवढे मला पुरते. माझ्या साध्या चाकाच्या मार्गदर्शकात (धार लावताना पटाशी ठरावीक कोनात धरणाऱ्या साधनात) पटाशी ३० मिलिमीटर बाहेर ठेवली की ३० अंश मिळतात. तेवढे अंतर दाखवणारा लाकडाचा ठोकळा करून ठेवल्यापासून मोजपट्टी शोधावी लागत नाही आणि पाच मिनिटांत पटाशी पुन्हा कामाला लागते. बोथट पटाशीने कोरलेल्या त्या स्टुलाच्या पहिल्या दोन खाचा पुढच्या सहांपेक्षा किती वेड्यावाकड्या आहेत, हे मला एकटीलाच माहीत आहे.

घरात मूल आणि वयस्क माणूस असल्यामुळे दोन नियम या वर्षी कडक केले. पहिला नियम भुकटीचा आहे. लाकडाची भुकटी ही मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठेवलेली आहे, त्यामुळे ज्या खोलीत आम्ही झोपतो तिथे पॉलिश पेपरने तासन्‌तास घासणे मी बंद केले. रंध्याने निघणाऱ्या ढलप्या जमिनीवर पडतात आणि झाडूने गोळा होतात, हवेत तरंगत नाहीत. जिथे घासणे टळत नाही तिथे खिडकीपाशी मुखपट्टी लावून घासते. दुसरा नियम जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा आहे. हे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते आणि चिंध्या गोळा करून टाकल्या तर ती उष्णता आत साठून त्या आपोआप पेटू शकतात. मी त्या मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण वाळवते किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवते.

आता नव्या वर्षाकडे वळते. या वेळी सात कामे नाहीत, दोन आहेत, आणि पहिले काम अर्थातच मेजाचे आहे. घरच्यांशी बरीच घासाघीस झाल्यावर मला भिंतीचा १२० सेंटिमीटरचा तुकडा मिळाला. तिथे व्यायामाची सायकल उभी होती, जिच्यावर गेले वर्षभर कपडेच वाळत होते, आणि ती हलवण्याला कोणीच मनापासून विरोध केला नाही. मेज घडीचे असेल. वरची फळी १२० बाय ४०.५ सेंटिमीटर, ४५ मिलिमीटर जाड, आणि ती भिंतीत पक्क्या बसवलेल्या पट्टीला बिजागऱ्यांनी जोडलेली असेल. पुढच्या दोन पायांनाही बिजागऱ्या असतील, म्हणजे काम झाले की सगळे भिंतीला चिकटेल. हलके मेज रंधा मारताना सरकते, ही आपली सगळ्यांची जुनी तक्रार आहे. हे मेज भिंतीला बांधलेले असल्याने रंधा भिंतीला समांतर मारला की जोर भिंतीवर जाईल असा माझा अंदाज आहे. फळी फक्त मागच्या कडेला बांधलेली असेल, त्यामुळे ती आडवी फुगली तरी पुढच्या बाजूला मोकळेपणाने वाढू शकेल आणि खणासारखा प्रसंग ओढवणार नाही.

फळी नऊ चौरस पट्ट्या चिकटवून करायची आहे. प्रत्येक पट्टी ४५ मिलिमीटरची, तिघींचा एक गट, आणि मग तीन गट एकत्र. जोडण्याआधी प्रत्येक पट्टीवर तंतूंचा चढ कोणत्या बाजूला आहे त्याचा बाण पेन्सिलीने काढून घेतला आहे, कारण एकही पट्टी उलटी चिकटली तर शेवटी रंधा फिरवताना नेमकी तीच जागा फाटेल. रात्री नऊनंतर मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) आवाज करायचा नाही, ही घरातली अट मी मान्य केली आहे. त्यामुळे खाचा रविवारी सकाळी कोरायच्या आणि मोजमाप, करवतीचे काम, रंधा आणि गोंद हे संध्याकाळी.

दुसरे काम मुलीच्या रंगांच्या पेटीचे आहे. ती सात वर्षांची आहे आणि पेटीला डव्हटेलचा (पंख्यासारख्या पसरट दातांचा) सांधाच हवा असा तिचा आग्रह आहे, कारण तिच्या मते तो मोराच्या पिसाऱ्यासारखा दिसतो. रेघा ती आखेल, करवत मी धरेन आणि पॉलिशचे काम पूर्णपणे तिचे. तिच्यासाठी मऊ लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर चार सरळ काप घेण्याचा सराव सुरू केला आहे. तिचा तिसरा काप माझ्या गेल्या वर्षीच्या अनेक कापांपेक्षा रेघेला जास्त धरून होता, हे मी तिच्यासमोर कबूल केले आणि त्यानंतर तिने तो तुकडा घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. अभ्यासाचे अर्धवट मेज मी मुद्दाम बाजूला ठेवले आहे. त्याची उंची तिच्या कोपराच्या मापाने ठरवली होती आणि एव्हाना ती चार सेंटिमीटर वाढली आहे, त्यामुळे पायांखाली काढता-घालता येणारे ठोकळे बसवण्याचा विचार पक्का झाल्याशिवाय त्याला हात लावणार नाही.

सध्याची स्थिती अशी आहे. नऊ पट्ट्या पलंगाखाली आडव्या लाकडी तुकड्यांवर, मध्ये हवा खेळेल अशा रचून ठेवल्या आहेत आणि एका पट्टीच्या रुंदीची मी दर गुरुवारी एकाच खुणेवर नोंद करते. पहिल्या आठवड्यात ४५.८ मिलिमीटर, दुसऱ्यात ४५.५ आणि काल ४५.४. दोन आठवडे आकडा हलला नाही की पहिले तीन चिकटवायला घेईन.