टेपवरची शांतता

रेडिओवर सिनेमा काढणाऱ्याची पंचाईत अशी, की दाखवायला फारसं काही नसतंच. माणूस, माइक आणि मधली काच. मग पत्रकाराला व्हरांड्यातून पळवायचं, दारं आपटायची, लाल दिवा लावायचा. यिर्शी माड्ल या चेक दिग्दर्शकाचा ‘वेव्ह्ज’ (2024) यातून निम्मा सुटतो, कारण त्याचा नायक तंत्रज्ञ आहे. प्रागच्या रेडिओतला आंतरराष्ट्रीय बातम्यांचा विभाग, 1967-68 सालं, प्रमुख मिलान वायनर (हा खराखुरा), आणि त्याच्या हाताखाली आलेला तोमाश. गुप्त पोलीस त्याला खबरी करू पाहतात वगैरे. ते ठीकच. डोळे मात्र टेपरेकॉर्डरच्या फिरणाऱ्या स्पूलवर (टेप गुंडाळलेल्या चकत्यांवर) जातात.

त्या काळी राजकारण ब्लेडने कापलं जायचं. दोन्ही स्पूल हाताने मागे-पुढे घोळवत नेमका आवाज हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणायचा, टेपच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप बसवून 45 अंशांत तिरका छेद द्यायचा. सरळ कापली तर सांध्यावर ‘टक’ वाजतं. तिरक्या छेदात एक आवाज दुसऱ्यात हळूच मिसळतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं असेल तरी ‘टक’ वाजतंच. चिकटपट्टी पाठीच्या बाजूनेच लावायची आणि ती खास टेपसाठीचीच हवी. घरगुती पट्टीचा गोंद पाझरून शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. छेद घ्यायला ‘प’, ‘त’, ‘क’च्या आधीची जागा उत्तम, तिथे ओठ किंवा जीभ क्षणभर बंद असते. आणि श्वास जपायचा. लागोपाठ दोनदा श्वास घेणारा मंत्री ऐकू आला, की मधलं वाक्य गेलंय हे जाणकार ओळखतो.

शांतता भरायची तर कोरी टेप चालत नाही. पुढाऱ्याची मुलाखत झाली, की त्याच खोलीत अर्धा मिनिट कोणी न बोलता रेकॉर्डिंग करून ठेवायचं. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. तो नसला तर केंद्रच बंद पडलं असं वाटून श्रोता बटण फिरवतो. (पडद्यावर हे अर्धं मिनिट कुणीच दाखवत नाही. प्रेक्षक उठून जातील, दुसरं काय!)

21 ऑगस्ट 1968 च्या पहाटे मात्र केंद्र खरंच बंद पडलं. वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या होत्या. त्याविरुद्धचं सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्षमंडळाचं निवेदन वाचायला सुरुवात झाली आणि ट्रान्समीटर गेले. दळणवळण खात्याचा प्रमुख कारेल होफमान याचा तसा हुकूम होता. तारेवरून घरोघरी जाणारा रेडिओ मात्र चालूच राहिला, आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांनी निवेदन ऐकलं. पुढचे दिवस वेगवेगळ्या लपवलेल्या जागांवरून आळीपाळीने प्रसारण झालं. रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे नंबर काढून टाकायला लोकांना सांगण्यात आलं. परक्या रणगाड्यांना पत्ता सापडू नये म्हणून!

मॉस्कोहून परतलेला पक्षप्रमुख डुब्चेक 27 ऑगस्टला रेडिओवर बोलला. शब्द अडकत होते, मधेमधे लांबच लांब थांबत होता. सेकंदाला 38 सेंटिमीटरच्या गतीला पाच सेकंद गप्प राहणं म्हणजे 190 सेंटिमीटर टेप, उंच माणसाएवढी. नेहमीच्या दिवशी कुठल्याही संपादकाने ती पहिल्या झटक्यात काढली असती. त्या दिवशी ते थांबणं जसंच्या तसं लोकांपर्यंत गेलं. भाषणातले मुद्दे आज फारसे कुणाला आठवत नाहीत.

दुसऱ्या शांततेचा, म्हणजे ट्रान्समीटर बंद करण्याचा, खटला पस्तीस वर्षांनी निकाली निघाला. होफमानला चार वर्षांची शिक्षा झाली. 2004 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तो तुरुंगात गेला आणि काही आठवड्यांत तब्येतीच्या कारणावरून बाहेरही आला.